शेपटं वगळून इंग्रजी

"इंग्रजीला घाबरायचं काही कारण नाही!" छापखान्यातल्या बाइंडिंग खात्याचे फोरमन टेबलावर थाप मारून सांगत. "नुसतं क्रियापद पकडायचं. मागे ते इन, ऑन, अप, आउट असं काय काय लोंबत असतं ना, ते शेपूट! त्याच्याकडे बघायचंच नाही. बैल ओळखायला कुणी शेपूट बघतं का?"

कुणीच बघत नसे. निदान फोरमनसमोर तरी. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने दोनच गोष्टी साठवल्या होत्या: हातातलं कसब आणि डोक्यातला राग. पाठीमागे सगळे त्यांना 'स्टोव्ह' म्हणत. दोन पंप मारले की भडका!

नव्या मॅनेजरबाई आल्या आणि पंप मारायचं काम त्यांच्याकडे गेलं. तेही त्यांच्या नकळत. बाई वयाने फोरमनच्या मुलीएवढ्या. बोलायच्या मराठीत, आणि गोड बोलायच्या. पण सदा घाईत. जाता-येता इंग्रजीत चिठ्ठ्या खरडून टेबलावर ठेवायच्या. पहिली चिठ्ठी आली ती कागद कापायच्या नव्या मशीनबद्दल. 'प्लीज ब्रेक इन द न्यू मशीन स्लोली.'

नवं मशीन हलक्या हाताने चालवून जरा रुळवा, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. पण फोरमननी क्रियापद पकडलं. ब्रेक. मोडणे.

"नवं मशीन मोडा म्हणतात!" ते टायपिस्टबाईंच्या टेबलाशी येऊन गरजले. "आणि तेही सावकाश! चवीचवीने!"

"अहो, पण पुढे ते 'इन' आहे ना..."

"शेपूट!"

टायपिस्टबाई पुन्हा टाइप करायला लागल्या. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ती त्यांना शांततेत काढायची होती.

फोरमननी मशीनवर ताडपत्री टाकली, दोरीने करकचून बांधली आणि आठ दिवस कुणाला बोट लावू दिलं नाही. "मशीन कसं आहे?" बाईंनी जाता जाता विचारलं. "माझ्या अंगात जीव आहे तोवर त्याच्या केसाला धक्का लागणार नाही!" फोरमन दात-ओठ खात म्हणाले. मशीनला केस नसतात हे बाईंच्या लक्षात आलं नाही. किती हा जिव्हाळा, असं मात्र त्यांना वाटलं.

मग तो मंगळवार उजाडला. शाळांना पुस्तकं पुरवणाऱ्या एका संस्थेचे दोघे जण येणार होते. चाळीस हजार ॲटलास बांधून हवे होते. काम मिळालं तर खातं वर्षभर चालणार. नाही मिळालं तर खात्यातली नऊ माणसं घरी बसणार. त्या नऊ नावांची यादी फोरमनच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि गेले पंधरा दिवस ते ड्रॉवर उघडतच नव्हते.

सकाळी टेबलावर चिठ्ठी. 'कागदाच्या गोदामात जातेय' एवढं मराठीत, आणि खाली, 'प्लीज स्टँड इन फॉर मी ॲट इलेव्हन.'

स्टँड. उभे राहणे. अकरा वाजता.

फोरमनच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली.

"उभं राहा म्हणतात! मला! पाहुण्यांच्या देखत! मशीन मोडलं नाही म्हणून शिक्षा!"

"मला वाटतं, त्यांच्या बदली तुम्ही..." टायपिस्टबाईंनी तोंड उघडलं.

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलंय? विचारलंय का? शाळेतसुद्धा मला कुणी बाकावर उभं केलं नव्हतं! पण राहतो! असा उभा राहतो, असा उभा राहतो, की बाईंनाच बसल्या जागी घाम फुटला पाहिजे!"

बाई बसल्या जागी नसणारच होत्या, ही गोष्ट रागात कुठल्या कुठे वाहून गेली.

अकराच्या ठोक्याला पाहुणे आले. एक गलेलठ्ठ गृहस्थ आणि एक काटकुळ्या, चष्मेवाल्या अधिकारी बाई. दोघे बसले. फोरमन भिंतीला पाठ लावून ताठ उभे.

"बसा ना," गृहस्थ म्हणाले.

"नाही. मला उभं राहायला सांगितलंय."

"कुणी?"

"मॅनेजरबाईंनी!"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गृहस्थ अर्धवट उठले, मग बसले, मग पुन्हा उठले. उभ्या माणसासमोर बसून चहा पिणं त्यांना जमेना.

"मग बोलायचं कुणाशी?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"भिंतीशी बोला! मीही मघापासून तिच्याशीच बोलतोय!"

तेवढ्यात फोरमनचा मोबाइल वाजला. मॅनेजरबाईंचा निरोप. 'हेल्ड अप. प्लीज कॅरी ऑन.'

कॅरी! ओझं वाहणे!

उभं करून पोट भरलं नाही, आता हमाली? टेबलावर नमुन्याचा ॲटलास होता. पाटाएवढा, चार किलोंचा. त्यांनी तो उचलला आणि थेट डोक्यावर धरला.

गृहस्थांच्या हातातली बशी वाजायला लागली.

"अहो, तो नमुना... आम्हाला बघायचा होता," चष्मेवाल्या बाई जपून म्हणाल्या.

"मिळणार नाही! उचलून धरायचा हुकूम आहे!"

"पण पानं कशी शिवलीत ते तरी..."

झालं. शिलाईवर शंका! फोरमननी ॲटलास डोक्यावरून खाली घेतला, एकाच पुठ्ठ्याला धरून टेबलावर उलटा टांगला आणि धुणं झटकावं तसा झटकायला सुरुवात केली.

"बघा! डोळे भरून बघा! अठ्ठावीस वर्षं शिवतोय! एक पान सुटलेलं दाखवा! एक! खाली नऊ माणसं बसलीत. सुया टोचून टोचून त्यांची बोटं चाळणी झालीत. त्यांना उद्या घरी बसा म्हणून कुणी सांगायचं? मीच ना! आणि मला इथे उभं करतात! ओढा पान! ओढा म्हणतो ना!"

चष्मेवाल्या बाई उठल्या. त्यांनी एक पान ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग गृहस्थांनी बशी ठेवली आणि पाय रोवून ओढलं. पानाचा कोपरा फाटून हातात आला, पण शिवण हलली नाही.

"गेल्या वर्षीची पुस्तकं दुसऱ्याच महिन्यात सुटी झाली होती," गृहस्थ धापा टाकत म्हणाले. "पोरं त्या पानांची विमानं करत होती."

दोघांनी आपसात काहीतरी कुजबुज केली, मॅनेजरबाईंना फोन करतो म्हणाले आणि निघून गेले.

गेलं काम, फोरमनना वाटलं. तक्रारच करणार हे! राग आता पोटात मावेना. ते तरातरा टायपिस्टबाईंकडे गेले.

"मोठी माणसं पद सोडताना इंग्रजीत काय म्हणतात?"

"स्टेपिंग डाउन म्हणतात. पण तुम्ही..."

"डाउन? मी डाउन? मी मान ताठ ठेवून निघालोय! 'अप' घाला!"

"अहो, अर्थ उलटा होईल!"

"पाऊल उचललं आणि निघालो, यात उलटं काय? घाला अप!"

टायपिस्टबाईंनी आपली चार वर्षं आठवली आणि टाइप केलं. 'फ्रॉम टुडे आय ॲम स्टेपिंग अप.' फोरमननी सही इतक्या जोरात केली की निब कागदातून आरपार गेलं. मग पत्र मॅनेजरबाईंच्या टेबलावर आपटलं आणि घरी फोन लावून बायकोला सांगितलं, "राजीनामा देऊन येतोय. समजावायला बसू नकोस!"

चार वाजता मॅनेजरबाई आल्या त्या धावतच.

"चाळीस हजार! मिळालं काम! आत्ताच फोन आला त्यांचा. म्हणाले, तुमच्या फोरमननी एकट्याने मीटिंग घेतली, एक मिनिटसुद्धा बसले नाहीत!"

"तुम्हीच तर उभं राहा म्हणालात!" फोरमन कडाडले.

"मी? मी म्हटलं, माझ्या जागी मीटिंग सांभाळा."

"आणि ते ओझं?"

"कसलं ओझं? मी अडकलेय, तुम्ही चालू ठेवा, एवढंच लिहिलं होतं!"

फोरमनचा राग घशापर्यंत आला होता. तो तिथेच अडकला. आता काढायचा कुणावर? तेवढ्यात त्यांना टेबलावरचं पत्र दिसलं. त्यांनी झडप घातली. बाईंचा हात आधी पोचला.

बाईंनी वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

"'आजपासून मी आणखी जबाबदारी घ्यायला पुढे येतोय.' फोरमनकाका! हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

फोरमननी दाराकडे पाहिलं. दारात टायपिस्टबाई उभ्या होत्या आणि फार मन लावून छत बघत होत्या.

"अं... हो," फोरमन म्हणाले. जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू.

"मग ठरलं! यापुढे मीटिंगा तुम्ही घ्यायच्या. आणि इंग्रजी पत्रव्यवहारही आजपासून तुमच्याकडे!"

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "दिलात राजीनामा?"

"दिला."

"मग? काय म्हणाल्या बाई?"

फोरमननी चपला काढल्या, पाणी मागितलं, सगळं पाणी संपवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले,

"वाचून रडल्या. आणि बढती दिली."