सासरवाडीला गेलेलं इंजिन

मी एकदा ठरवलं ना, की ठरवलं! शहाद्यात कुणालाही विचारा, इंदरमल शेठ कसा माणूस आहे म्हणून. लोक आधी हसतील, पण मग हेच सांगतील.

तर मी ठरवलं होतं, मेव्हण्याच्या लग्नाला सारंगखेड्याला जायचं ते मोटारीतून. आणि मोटार स्वतःच्या जोरावर चालली पाहिजे! हे मुद्दाम सांगतोय, कारण आदल्या वर्षी तिला बैल जुंपून सासरवाडीच्या दारात न्यावं लागलं होतं. सासरे केवलचंदजी ओट्यावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, "या." पण काय तो आवाज! आमची बायको धनकंवर तीन दिवस माहेरच्या बायकांत मान वर करू शकली नाही. ते मला फार लागलं होतं.

लग्न आठ दिवसांवर आलं आणि प्रकाशा गावाच्या रस्त्यावर मोटारीने खाडकन आवाज करून जीव सोडला!

पौलस मिस्त्री नवापूरचा. पाद्रीसाहेबांच्या मोटारीवर काम शिकलेला. बॉनेटमध्ये डोकं घालून त्याने आत बघितलं आणि हातातला पाना पेटीत परत ठेवला. वैद्याने अशी पिशवी आवरली की घरच्यांनी काय ते समजावं.

"शेठ, दांडा तुटून इंजिनाच्या पोटातून बाहेर आलाय."

"मग खोलून नव्याने बांध!"

"बांधतो. सामान मुंबईहून येईल. दोन महिने धरा."

"मग दुसरं इंजिनच बसव!"

"तेही मुंबईहून येईल. तीन महिने."

"अरे, लग्न आठ दिवसांवर आलंय!"

"लग्न पुढे ढकलता येतं का बघा," पौलस शांतपणे म्हणाला.

पुढचे दोन दिवस अख्ख्या शहाद्याने माझ्या ओट्यावर चहा ढोसला आणि सल्ले दिले. निम्मे म्हणत, जुनंच बांधा. निम्मे म्हणत, बदलून टाका. त्यातल्या एकानेही कधी मोटारीत पाय ठेवला नव्हता! शेवटी धनकंवर वैतागली. "एवढा घोळ घालण्यापेक्षा आपल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन बसवा की!"

मी ताडकन उठलो.

"अहो, मी रागाने बोलले!"

"पण बरोबर बोललीस!"

पौलसने आधी हात जोडले, मग डोक्याला लावले, मग कामाला लागला. मोटारीची मागची बैठक उपटून तिथे म्हशीएवढं ते धूड बसवलं. पट्टा मागच्या चाकाला जोडला. इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक उपडी लोटी होती. गिरणी सुरू झाली की गावाला कळावं म्हणून ती पुक्-पुक् वाजायची.

"शेठ, लोटी काढू?"

"राहू दे! कळू दे ना लोकांना, इंदरमलची मोटार निघाली म्हणून!"

इथेच माझी अक्कल गहाण पडली होती.

आम्ही निघालो. पुक्-पुक्-पुक्! चौकात पोचतो न पोचतो तोच गिरणीची गिऱ्हाईक दगूबाई बाजरीचा डबा घेऊन धावत आली, गिरणी कुठे नेताय म्हणून ओरडत.

"ओ शेठ! गिरणी कथा लई चालनात? तीन दिनथून मन्ही बाजरी पडेल शे!"

"मावशी, ही गिरणी नाही, मोटार आहे!"

"मंग गिरणीसारखी का बोली ऱ्हायनी?"

थांबायची सोय नव्हती. एकदा बंद पडलं की ते इंजिन चालू करायला चार माणसं लागायची. "चालू द्या, मी मांगेमांगे येस," दगूबाई म्हणाली आणि आरामात बरोबर चालू लागली. आमचा वेगच तेवढा होता! वाटेतल्या प्रत्येक गावात बायका पाट्या-डबे घेऊन धावत येत होत्या. धनकंवरने पदर ओढला तो हनुवटीपर्यंत. "आता काय तोंड दाखवू मी माहेरी?" सारंगखेडं आलं तेव्हा मागे साठ बायका होत्या! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

केवलचंदजी ओट्यावर होते. ते चक्क उठले! बारा वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा! पळत आले आणि मला मिठीच मारली. "जवाईसा, लाज राखलीत!"

गावची गिरणी इंजिन बिघडून आठवडाभर बंद होती. लग्नाचं पीठ जात्यावर दळून घरच्या बायकांच्या हाताला फोड आले होते. माणसांनी चाकाचा पट्टा उतरवून त्या गिरणीला चढवला. तीन दिवस मोटार पुक्-पुक् करत होती. चारशे पानं उठली, दगूबाईची बाजरीही दळून झाली. माहेरच्या बायका धनकंवरशेजारी बसायला भांडत होत्या. ती मान अशी ताठ ठेवून बसली होती की मला भरून आलं.

चौथ्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. सासऱ्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे पाणावले होते. "छे छे, इतक्यात जायचं नाव काढायचं नाही! निदान पंधरा दिवस तरी राहायलाच हवं."

मी विरघळलो. "बाबासा, मला कुठे जावंसं वाटतंय! पण दुकान बंद आहे, गिऱ्हाईकं खोळंबलीत..."

"मग तुम्ही जा की!" सासरे म्हणाले. "तुम्हाला कोण अडवतंय? मी मोटारीचं म्हणतोय."

मोटार तिथेच ठेवून आम्ही बैलगाडीने निघालो, तेव्हा धनकंवर हसली नाही. निदान गावाची वेस ओलांडेपर्यंत तरी नाही!