एक पेला दूध आणि अकरा रोट

मी फार बोलत नाही. उभ्या जन्मात बिनकामाचं एकच वाक्य बोललो. ते धुळ्याला, डॉक्टरसमोर. त्या एका वाक्याने महिनाभर माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

माझा मुलगा रुपचंद धुळ्यात कारकून. देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्याची मुलगी कुंदा, वय चार. आषाढात रुपचंदचं पत्र आलं की कुंदाचे पाय गुडघ्यांतून वाकायला लागलेत. पत्र मीच वाचलं. (मी मराठी चौथी पास आहे. पाचवीत माझं आणि मास्तरांचं पटलं नाही.) दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी आणि कुंदाची आजी भागाबाई धुळ्याला गेलो.

डॉक्टर तरुण होता. त्याने कुंदाला चालवून पाहिलं. मीही पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. पोर बदकासारखी चालत होती.

"हाडांना कॅल्शियम मिळत नाही," डॉक्टर म्हणाला. "दूध किती पिते?"

"एक थेंब नाही," रुपचंद म्हणाला. "ताक नाही, दही नाही, पालेभाजी नाही."

"मग अंडं द्या. माशाचं तेल देऊ. आणि रोज उन्हात खेळू द्या."

माझ्या गळ्यात माळ आहे. आमच्या चुलीवर अंडं चढलेलं नाही. रुपचंद मान खाली घालून म्हणाला, "देऊ, डॉक्टरसाहेब."

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

"एक महिना पोर माझ्याकडे द्या. दूध कसं पीत नाही तेच बघतो."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. पागोट्यापासून जोड्यांपर्यंत पाहिलं. "ठीक आहे, आबा. औषध सुरू करतो. महिन्याने तिने माझ्यासमोर एक पेला दूध पिऊन दाखवलं, तर अंड्याचं नाव काढणार नाही. नाहीतर मात्र वेळ घालवून चालणार नाही. पाय असेच राहतील."

शेवटचे तीन शब्द मी गावापर्यंत घेऊन आलो. पोर माझ्या मांडीवर झोपली होती. पाय तिचे वाकडे होते, कापत माझे होते.

गावात माझा वचक आहे. मी समोरून आलो की तरणी पोरं विड्या विझवतात. तेव्हा चार वर्षांच्या पोरीला दूध पाजणं म्हणजे काय मोठं काम, असं मी धरून चाललो. सकाळी म्हैस पिळली, पेला भरला, कुंदाला पाटावर बसवलं आणि काठी मांडीवर आडवी घेऊन स्वतः समोर बसलो.

"पी."

"नको माले."

"का?"

"वास येस."

"कशाचा?"

"म्हैसना."

"दूध म्हशीचंच असतं!"

"मंग म्हैसले पाजा."

तोंड मिटलं ते मिटलं. मी डोळे वटारले. तिनेही वटारले. (आमच्या घराण्याचे डोळे.) तासाभराने भागाबाई आतून म्हणाली, "दूध पाजी ऱ्हायनात का जबानी ली ऱ्हायनात?" दुधावर साय आली होती. टाकून देणं मला जमत नाही. मीच प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून मी डोकं चालवलं. भाकरीचं पीठ दुधात भिजवायला लावलं. कुंदाने भाकरी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. ती मी खाल्ली. वरणात शेवग्याचा पाला घातला. तिने एकेक पान वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावलं, पोलीस परेडसारखं. ते मी खाल्लं. तिळाचे लाडू केले. तिने त्यांतून फक्त गूळ चोखून काढला. उरलेलं मी खाल्लं. प्रत्येक घासाला मी समोर होतो. मी एक वेळ चुकवली नाही.

पंधरा दिवसांत माझा सदरा पोटावर तटतटू लागला. पोर होती तशीच. अंगणात ती पळू लागली की मी आत जायचो. मी कुणाला भीत नाही. पण तिचे ते गुडघे एकमेकांपासून लांब पडताना मला बघवत नव्हते. पुढे ही मोठी होईल. लोक हिला चालताना बघतील. आणि आजोबाने हट्टापायी अंडं अडवलं, असं म्हणतील. बरोबरच म्हणतील.

श्रावण लागला. कानबाई जवळ आली. आणि मला तो विचार सुचला. न सुचता तर बरं होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कानबाई ही देवी बसते तेव्हा सगळी भावकी एका घरी जमते. माणसागणिक गहू मोजून दळतात आणि त्या पिठाचे जाड रोट करतात. हे रोट फक्त घराण्यातल्यांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. पौर्णिमेच्या आत संपवायचे. कानबाईच्या रोटाला कुणी नको म्हणत नाही. कुंदा तरी कशी म्हणेल?

त्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. बायका अंगणात गाणी म्हणत होत्या. रोटाचं पीठ मधल्या घरात परातीत झाकून ठेवलं होतं. मी आजूबाजूला पाहिलं. मोठं कुणी नव्हतं. धोतराच्या सोग्यातून शेरभर तिळाचं कूट काढलं, पिठात ओतलं, हात कोपरापर्यंत घालून कालवलं आणि ओट्यावर येऊन बसलो. साठ वर्षांत मी चोरी केली नव्हती. ही तर उलटी चोरी. तरीही घाम तोच.

पहिला रोट तव्यावर उलटताना तुटला.

दुसराही तुटला. तिसऱ्याला गाणी थांबली. कानबाईचा रोट तुटणं म्हणजे साधी गोष्ट नाही. पाचव्याला माझी थोरली भावजय भिकुबाई चुलीजवळून उठली. वय सत्तर, आवाज पंचविशीचा. गाव मला भितं, आणि मी भिकुबाईला.

"भाईदास!" ती दारात उभी राहून म्हणाली. "तुना घरमा काय तरी चुकनं शे."

चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, सोवळं मोडलं असेल. दुसरी म्हणाली, कुणीतरी नवस विसरलंय. माझी भागाबाई तर रडायलाच लागली. पोरीच्या पायांमुळे ती आधीच हळवी झाली होती. "देवी मनी नातवर कोपनी व माय," म्हणाली. ते ऐकून माझा जीव अर्धा झाला. कबूल करावं असं वाटत होतं. पण मी नुसतं पागोटं सारखं करत राहिलो.

अकरावा रोट तुटला तेव्हा कणगीमागून कुंदा बाहेर आली. हातात बाहुली.

"आबानी तीळ टाकात. मी देखं."

भिकुबाईने पिठाची चिमूट तोंडात टाकली. चावली. माझ्याकडे पाहिलं.

"कसाले टाकात?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टर, पेला, अंडं, सगळं. चाळीस माणसांसमोर मी इतकं लांब कधी बोललो नव्हतो. शेवटी आवाज फुटला. (तंबाखू घशात गेली होती.)

भिकुबाईने हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "देवीपुढे नाक घास. पोरसाठे करं, ती माफ करी. पण हाई बठ्ठे तुटेल रोट तूच खावाना. पुनीना आत."

मी नाक घासलं. बायकांनी नवं पीठ दळायला घेतलं. आणि मी अकरा रोट खायला घेतले. शेवटचा पौर्णिमेच्या सकाळी संपला. कुंदा समोर बसून मोजत होती.

महिना भरला. धुळ्याला जाताना एस.टी.त मी शेजारी बसलेल्या भागाबाईशीही बोललो नाही. दवाखान्यात रुपचंद आधीच येऊन बसला होता. डॉक्टरने पेला भरून मागवला. कुंदाला टेबलावर बसवलं. मी अगदी जवळ उभा राहिलो. पोर जिंकावी म्हणून एक हात माळेवर.

कुंदाने तोंड मिटलं.

"पी, बाई," मी म्हणालो. ओरडलो नाही. हात जोडले. माझ्या बापापुढेही मी असे हात जोडले नव्हते. तिने मान हलवली. रुपचंद खाली बघत होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी हरलो. काय द्यायचं ते द्या. पाय तेवढे सरळ करा."

डॉक्टर कुंदाकडे बघत होता. कुंदा माझ्याकडे.

"आबा, जरा बाहेर बसता?"

बाहेरच्या बाकावर मी बसलो. आतून आवाज नाही. एका पेल्याला किती वेळ लागावा? मी मनात शंभरपर्यंत मोजलं. मग परत एकपासून.

बोलावणं आलं. पेला रिकामा. कुंदाच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी. डॉक्टर म्हणाला, वजन वाढलंय, सुधारणा सुरू आहे, अंड्याची गरज नाही. मी भिंतीला टेकलो.

भागाबाई पदराने पोरीचं तोंड पुसत म्हणाली, "ती महिनाभर पेस. रोज दोन येळा. तुम्ही मळामा गयात का पेस."

"मंग माले का नही सांगं?"

"सांगं आस्तं, ते तुम्ही देखाले बठी जातात."

डॉक्टरने चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत. म्हणून ती रुपचंदने वाचून दाखवली. "दूध दोन वेळा. तिळाची चटणी रोज. सकाळी ऊन. आणि जेवताना आजोबा वर्ज्य."

एकदा वाचली असती तरी मला समजलं असतं. रुपचंदने ती स्टँडपर्यंत तीनदा वाचली.