डावा दोन, उजवा साडेतीन

मोटारीतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या घरात कुणालाच कळत नाही, हे मी गेली तीन वर्षं छातीठोकपणे सांगत आलो आहे. घरात माणसं तीनच. मी, बायको आणि सासरे. बायकोच्या मते माझी मोटार ही मुळात नसती तरच बरं झालं असतं. आणि सासरे माझ्याशी बोलतच नाहीत, तेव्हा त्यांना काय कळतं हे कळायला मार्ग नाही. म्हणजे पहिला नंबर आपोआप माझाच.

हा अबोला अकरा महिन्यांचा. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. घर त्यांचं, खालचं शटरचं दुकानही त्यांचंच. बत्तीस वर्षं तिथे डोळ्याला भिंग लावून बसले. मग गिऱ्हाइकं यायची थांबली आणि दुकान बंद झालं. मी म्हटलं, जागा मोकळीच आहे तर माझी गाडी ठेवतो. ते "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ "नाही" असा होता, हे बायकोने मला नंतर सांगितलं. तोवर मी त्यांची सगळी घड्याळं खोक्यांत भरून जिन्याखाली रचली होती. त्यातली सात-आठ अजून चालतात. पुठ्ठ्याच्या आतून मधूनच ठोके पडतात, कधी नऊ, कधी तेरा. अकरा महिने त्यांना चावी कोण देतं, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. भरदिवसा जिना उतरतानासुद्धा मी पाय उचलून चालतो.

गाडी शर्यतीची. आमचा हौशी लोकांचा एक क्लब आहे. वर्षातून तीन रविवार एका जुन्या धावपट्टीवर जमायचं, एकेक गाडी वेळ मोजत सोडायची, ज्याला कमी वेळ लागेल तो पुढे. मागच्या दोन्ही शर्यतींत मी दहा जणांत दहावा आलो. दुसऱ्या शर्यतीनंतर जेवताना सासऱ्यांनी ताटावरची नजर न हलवता बायकोला सांगितलं, "त्यांना म्हणावं, तिसऱ्या वेळीही शेवटचे आलात तर गाडी विकायची आणि माझं दुकान मला रिकामं करून द्यायचं."

"त्यांना म्हणावं, कबूल," मी म्हणालो.

"मी मधे बसते म्हणून ठीक आहे," बायको म्हणाली, "नाहीतर तुम्ही दोघं एकाच टेबलावर पत्रव्यवहार सुरू कराल."

आता मला गाडी वळणाला घट्ट धरून ठेवणारी हवी होती. त्यासाठी शॉकअपचे वरचे माउंट बदलायचे, असं मी ठरवलं. तुम्हाला सोपं करून सांगतो. चाकाच्या वर धक्के झेलणारा शॉकअप उभा असतो. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली ज्या जाड चकतीत बसतं, ती चकती म्हणजे माउंट. साध्या माउंटमधे ते टोक एका जागी गप्प बसून असतं. सरकत्या माउंटमधे ते खाचेत आत-बाहेर सरकवता येतं. आत सरकवलं की चाकाचं डोकं आत झुकतं आणि वळणावर टायर जमीन सोडत नाही.

दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी ठेवली. "हे रबराचे. थोडे सरकतात, मुकाट असतात. हे पूर्ण धातूचे. पाहिजे तेवढे सरकवा, पण जरा चुकीचे बसले की गाडी बोलायला लागते."

"धातूचे द्या."

"शर्यतीत कितवे येता?"

"धातूचे द्या," मी म्हणालो.

रविवारी दिवसभर खपून मी ते बसवले. खाचेच्या कडेला पाच रेघा होत्या, जितकी पुढची रेघ तितकं टोक आत. आमच्या क्लबात एक पहिलवान आहे. वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, पण सलग तीन वर्षं पहिला येतो म्हणून पहिलवान. तो चौथ्या रेघेवर ठेवतो, म्हणून मीही दोन्ही बाजू चौथीवर ठेवल्या. डावी चार, उजवी चार. यात चुकायला जागाच नव्हती.

संध्याकाळी एक फेरी मारली. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच बॉनेटखालून टक, टक, टक असा आवाज आला. मग शांतता. पुन्हा टक, टक, टक. आतून कुणीतरी दार वाजवावं तसा. आणि स्टीअरिंग सरळ धरलं तरी गाडी हळूहळू डावीकडे ओढ घेत होती, जणू तिला तिकडे कुणी बोलावतंय. मी रेडिओ लावला आणि घरी आलो.

सोमवारी ऑफिसातून आलो, शटरचं कुलूप काढलं, बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिलो. डावा माउंट दुसऱ्या रेघेवर होता. उजवा तिसऱ्या आणि चौथ्याच्या बरोबर मधे. नट आवळलेले, वर माझ्या बोटांचे काळे डाग होते ते पुसलेले. डाव्या मडगार्डला एक पांढरा दोरा लोंबत होता, वारा नसताना किंचित हलणारा. आणि दुकानात लवंगेच्या तेलाचा वास भरला होता.

कुलूप मी स्वतः लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ही गाडी मी एका दातांच्या डॉक्टरांच्या पत्नीकडून घेतली. डॉक्टर त्याआधी दोन महिने वारले होते. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास होता. किल्ल्या देताना बाई म्हणाल्या होत्या, "त्यांचा जीव या गाडीत होता हो." तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आता मी त्या पांढऱ्या दोऱ्याकडे बघितलं. दातांच्या फटीत घालतात तसला बारीक दोरा. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

मी धीर करून दोन्ही माउंट परत चौथीवर आणले आणि कुलूप तीनदा ओढून बघितलं. मंगळवारी डावा दोन, उजवा साडेतीन. लवंग. दोरा.

"आपल्याकडे खाली कुणी येतं का दुपारी?" मी बायकोला विचारलं.

"बाबा हल्ली दुपारी झोपत नाहीत," ती म्हणाली.

"मी वेगळं विचारतोय," मी म्हणालो. घाबरलेल्या माणसाला उत्तर समोर वाढून दिलं तरी तो भलतीकडेच हात घालतो.

बुधवारी ऑफिसला जाण्यापूर्वी मी वायपरखाली एक चिठ्ठी ठेवली. 'डॉक्टरसाहेब, गाडी तुमची आहे हे मला मान्य आहे. पण दोन बाजू वेगवेगळ्या ठेवल्या तर लोक हसतील. माझ्यावर आधीच एक खवट म्हातारा टपून बसलाय. कृपा करून सारख्या ठेवाव्यात.'

संध्याकाळी चिठ्ठी नव्हती. माउंटवर खडूने बारीक आकडे लिहिलेले होते. डावीकडे २, उजवीकडे ३॥. प्रत्येक आकड्याखाली दोन रेघा, शाळेत मास्तर मारतात तशा. मी खाली बसलो. जिन्याखालच्या खोक्यातून त्याच वेळी ठोके पडायला लागले. मी मोजले नाहीत.

पण शुक्रवारी सकाळी त्या आकड्यांवर मी गाडी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात नेली आणि काय सांगू, गाडी गेली ती सुतासारखी सरळ. ओढ नाही, टकटक नाही. वळणावर आत शिरली तरी टायर कुरकुरला नाही. मी थांबलो आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून "थँक यू" म्हणालो. सीटवर अर्थातच कुणी नव्हतं. तरीही परत येताना मी त्या बाजूचा पट्टा लावला.

यानंतर आठवडाभर आमचं छान जमलं. मी लिहायचो, ते खुणांनी उत्तर द्यायचे. 'मागच्या टायरात हवा किती?' असं विचारलं की टायरवर आकडा. माझा एक वॉशर उलटा बसला होता तो त्यांनी सुलटा बसवला आणि माझी चूक दाखवायला दुसरा एक वॉशर सीटवर उलटा ठेवला. माणूस मेल्यावरही इतका नीटनेटका राहू शकतो, याचा मला अचंबा वाटे. भीती गेली नव्हती. शटर वर करण्याआधी मी अजून दोनदा खाकरायचो. पण ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असं त्या घरात दुसरं कोण होतं? शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी पाचवी चिठ्ठी लिहिली. ती अशी होती:

'डॉक्टरसाहेब, उद्या शेवटचा आलो तर तुमची गाडी जाईल. एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सासऱ्यांचं दुकान मी नीट न विचारता घेतलं. त्यांची घड्याळं खोक्यांत भरताना ते जिन्यावर उभे होते, मी वर बघितलं नाही. माफी मागायची तर बोलावं लागतं, आणि आमचं बोलणं बंद आहे. तुम्ही त्या बाजूला आहात, काही उपाय माहीत असेल तर कळवा.'

संध्याकाळी चिठ्ठी गेलेली होती. उत्तर मात्र कुठेच नव्हतं. सीटवर नाही, टायरवर नाही. आकडे तेवढे तसेच होते.

रविवारी धावपट्टीवर धुकं होतं. दहा गाड्या त्यात अर्ध्या बुडाल्यासारख्या उभ्या होत्या. शर्यतीआधी एकमेकांची बॉनेटं उघडून बघायची आमच्यात पद्धत आहे. पहिलवानाने माझ्या गाडीत डोकावलं आणि बाकीच्यांना हाक मारली.

"या, या, बघा. एक दोनवर, एक साडेतीनवर. अरे, बसवताना एक डोळा मिटला होतास काय?"

नऊ माणसं हसली. मी काय सांगणार? की हे माझं काम नाही, एका मयत दंतवैद्याचं आहे? माझा चेहरा तापला. मी पाना उचलला, डावा नट सैल करायला वाकलो. करून टाकू चार-चार, निदान हसणं तरी थांबेल.

त्याच क्षणी मागून लवंगेचा वास आला.

मोकळ्या मैदानात, सकाळच्या गार हवेत, अगदी माझ्या मानेशी. आणि एक खरखरीत आवाज हळूच म्हणाला, "हात लावू नका त्याला."

पाना नटवरच राहिला. मागे वळायची हिंमत नव्हती. "डॉक्टरसाहेब," मी पुटपुटलो, "हे लोक हसतायत."

"हसू देत. डावीकडचा पत्रा कधीतरी ठोकर खाऊन आत गेलाय. रेघा सारख्या ठेवल्या की चाकं वाकडी होतात. मी दोऱ्याचा ओळंबा सोडून मोजलंय दोन्हीकडे."

डॉक्टर ओळंबा कशाला लावतील, असा विचार डोक्यात आला आणि मी वळलो. समोर सासरे उभे होते. गालात कापसाचा बोळा, एका हाताने जबडा धरलेला. शेजारी पाण्याची बाटली घेऊन बायको.

"बाबा? तुम्ही?"

अकरा महिन्यांची सवय अशी सुटत नाही. ते बायकोकडे वळून म्हणाले, "त्यांना म्हणावं, नंबर लागलाय, उभे काय राहिलेत."

मी गाडीत बसलो. पुढच्या चार मिनिटांत काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की गाडी वळणांना चिकटून गेली आणि मी एकदाही डोळे मिटले नाहीत. दहा जणांत आठवा आलो. पहिलवानाने पाठ थोपटली. मी मात्र सासऱ्यांना शोधत होतो. स्वतःच्या हाताने त्यांनी स्वतःचं दुकान घालवलं होतं.

ते तंबूच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसले होते. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"किल्ली तर माझ्याकडे होती," मी म्हणालो.

"बत्तीस वर्षं बसलो त्या दुकानात. किल्ली एकच असेल असं वाटलं तुम्हाला?"

"आणि लवंगेचं तेल?"

"दाढ दुखतेय. तीन आठवडे झाले."

एका घरात राहून, एका टेबलावर जेवून मला ते माहीत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं होतं."

सासऱ्यांनी खिशातून रबर लावलेल्या पाच चिठ्ठ्या काढल्या. "यात मला खवट म्हटलंय. तिसरीत खडूस म्हटलंय. चौथीत पुन्हा खवट." त्यांनी एकेक बाजूला ठेवली. "तुमची गाडी पुढे जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. घड्याळांना चावी द्यायला रोज खाली उतरायचो. एकदा आत डोकावलो, तर ते तसं बसवलेलं. दुसऱ्याने चुकीचं बसवलेलं बघून मला वर जाऊन जेवता येत नाही."

"मग शनिवारी उत्तर का नाही दिलंत?"

त्यांनी गालातला बोळा सरकवला. "काल मी दोन्ही परत चौथीवर ठेवायला गेलो होतो. तुमचं तुम्हाला परत. तुम्ही शेवटचे आला असतात, दुकान मला मिळालं असतं. पाना लावलाही होता." त्यांनी पाचव्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "मग ही वाचली."

"चुकलं माझं, बाबा," मी म्हणालो. "तेव्हा वर बघायला हवं होतं मी."

"हं," ते म्हणाले. या खेपेच्या "हं"चा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

"गाडी थोडी मागे घेतली," मी नाक पुसत म्हणालो, "तर खिडकीपाशी तुमचं टेबल बसेल."

"बसेल. मी मोजलंय."

तर सांगायचं म्हणजे पैज मी जिंकली, दुकान रीतसर माझं आहे, याबद्दल घरात कुणाच्या मनात शंका नाही. टेबल खिडकीपाशी आलं, मग टेबलाला उजेड पाहिजे म्हणून गाडी आणखी मागे गेली. सध्या तिची मागची दोन चाकं शटरबाहेर रस्त्यावर असतात, आणि बॉनेट उघडायचं झालं तर मला आधी विचारावं लागतं.