गुलाबी हिरड्यांचा फिल्टर

पणजोबा बाजाराच्या कोपऱ्यावर स्टूल टाकून दात उपटत आणि उपटलेला दात गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवून मोकळे होत. आजोबांनी त्या स्टुलावर छप्पर घातले, पाटी लावली आणि चिमटे उकळायला सुरुवात केली. वडिलांनी चिमट्यांच्या जोडीला पेले, टॉवेल आणि दाराच्या कड्यासुद्धा उकळल्या. अशा घराण्यात जन्मलेल्या डॉक्टरांना ‘जंतू’ हा शब्द नुसता ऐकला तरी हात धुवावेसे वाटत, यात नवल ते काय?

मात्र या उजळ घराण्यावर एक डाग होता आणि तो फक्त दोन माणसांना ठाऊक होता. वडिलांच्या पश्चात खुर्ची डॉक्टरांकडे आली, तेव्हा त्या पोरसवद्या हातात आपला जबडा द्यायला कोणी धजेना. बाहेरच्या बाकावर माणसे बसत, आत डोकावत आणि काम आठवल्यासारखे करून उठून जात. तेव्हा नव्या जावयाची अब्रू राखण्यासाठी सासूबाई स्वतः त्या खुर्चीत बसल्या. त्यांची उजवी दाढ दुखत होती. डॉक्टर समोर उभे राहिले, घाबरलेल्या मनाने डावे-उजवे ठरवले आणि डावीकडचा ठणठणीत दात मुळासकट काढला. सासूबाई तोंडावर रुमाल धरून बाहेर आल्या आणि बाकावरच्या मंडळींना ठणकावून म्हणाल्या, “हात फार हलका आहे हो.” दवाखाना त्या दिवसापासून चालू लागला. दुखरी दाढ त्यांनी मुकाट्याने दुसऱ्या गावी जाऊन काढून घेतली.

डॉक्टरांनी पुढे कितीदा तरी विनवले, “आई, त्या जागी छान दात बसवून देतो.” सासूबाईंचे उत्तर ठरलेले असे. “एकदा दिलं तेवढं पुरे.” आणि पंगतीत जावयाकडे पाहत त्या जिभेचे टोक हळूच त्या रिकाम्या जागेवरून फिरवीत. डॉक्टरांचा घास तिथेच अडे.

त्या सासूबाई धाकट्या लेकीकडे महिनाभर राहायला निघाल्या आणि जाताना आपला मासा, काचेच्या टाकीसकट, या घरी ठेवून गेल्या. मासा सोनेरी, पोट सुटलेला आणि सदैव नाराज चेहऱ्याचा होता. म्हणून त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत.

“जावईबापू, साहेबांना जपा,” त्या पायरीवरून म्हणाल्या. “परत आल्यावर मला साहेब होते तसे दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर त्या दाताची गोष्ट मी चारचौघांत सांगेन. इतकी वर्षं गिळून बसले आहे.”

“काळजीच नको, आई,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना घाम फुटला.

टाकी दवाखान्यामागच्या खोलीत कपाटावर बसली. हाती घेतलेले काम मुळापासून करावे, या घराण्याच्या शिस्तीनुसार डॉक्टरांनी प्रथम टाकीचा फिल्टर उघडला. आतल्या स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत थर पाहून त्यांच्या अंगावर काटा आला.

“अगं, तुझी आई स्वच्छतेच्या एवढ्या गप्पा मारते, आणि हे बघ.”

“तिच्या टाकीला हात लावू नका,” बायको दारातूनच म्हणाली. “तिनं मासा सांभाळायला दिलाय, तपासायला नाही.”

पण डॉक्टरांनी स्पंज आजोबांच्या जुन्या स्टेरिलायझरमध्ये टाकला होता. रुग्णांची हत्यारे नव्या यंत्रात निर्जंतुक होत आणि त्या यंत्रात माशाचे काहीही जाणार नाही, हा त्यांचा दंडक होता. जुने यंत्र मात्र निवृत्त असूनही काटक होते. त्यात स्पंज उकळला, फिल्टरचे झाकणही उकळले, आणि झाकण वाटीसारखे वाकडे होऊन बाहेर आले.

“दुकानात विचारते,” बायको म्हणाली.

“विचारायचं कशाला? तीन पिढ्या या घरात हातांनी कवळ्या घडल्या. मला एक डबा घडवता येणार नाही?”

डॉक्टर कामाला लागले. जबड्याचे साचे घेण्याच्या भुकटीचा मोठा, पारदर्शक, फिरकीच्या झाकणाचा डबा त्यांनी स्वच्छ केला. झाकणाला दोन भोके पाडली. एका नळीने टाकीतले पाणी खाली डब्यात यायचे, थरांनी रचलेल्या स्पंजांमधून आणि धुतलेल्या खड्यांतून झिरपायचे, आणि दुसऱ्या नळीने छोट्या पंपाच्या जोरावर परत वर जायचे. भोकांतून पाणी पाझरू लागले, तेव्हा त्यांनी कवळीच्या हिरड्यांना वापरायचे गुलाबी ॲक्रिलिक कालवले आणि नळ्यांच्या बुंध्यांशी असे सफाईने बसवले, की सख्ख्या हिरड्यांनी हेवा करावा.

बायको बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिली. “आता फक्त चूळ भरायला सांगायचं राहिलंय.”

डबा कपाटाच्या मधल्या फळीवर बसला आणि पाणी फिरू लागले. डॉक्टरांची छाती फुगली. परंतु थोड्याच दिवसांत टाकीतले पाणी ताकासारखे पांढुरके झाले आणि साहेब वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागले.

“घाण अडकली असणार,” डॉक्टरांनी निदान केले. दवाखाना बंद झाला की ते डबा उघडत, स्पंज उकळत, खडे उकळत आणि पुन्हा रचून ठेवत. पाणी आणखी गढूळ होई. मग ते अधिक वेळ उकळत. सोयीसाठी त्यांनी स्टेरिलायझर कपाटाच्या खालच्याच फळीवर, डब्याच्या बरोबर खाली आणून ठेवला. साहेबांनी खाणे सोडले. डॉक्टरांनीही अर्धे सोडले.

“दिसतोय ना गं मासा?”

“दिसतोय. पण आधी होता तिथेच आहे का, हे सांगता येत नाही.”

अशात एका सकाळी डॉक्टर एका शिंप्याची दाढ खोदत असताना आतून हाक आली. “अहो, तुमच्या डब्याला लाळ सुटलीये.”

रोज उघडझाप करून झाकणाची फिरकी झिजली होती. डॉक्टर शिंप्याला “मिटू नका हं” असे बजावून आत धावले. झाकणाच्या कडेने पाणी वाहत होते आणि थेट आजोबांच्या स्टेरिलायझरमध्ये शिरत होते. यंत्राने एकदा ‘फस्स’ केले, जळकट वास सोडला आणि कायमचा डोळा मिटला. डॉक्टरांनी नळ्या चिमटीत धरल्या. बायकोने खाली परात लावली. उरलेले ॲक्रिलिक कालवून डॉक्टरांनी झाकणाच्या कडेभोवती वरपासून खालपर्यंत हिरडी घातली. डबा आता कोरडा राहिला, पण उघडता येईना.

शिंपी आज्ञाधारकपणे तोंड वासून बसला होता. त्याची क्षमा मागून डॉक्टरांनी दाढ पुरी केली. पण मन डब्यात होते. स्पंज उकळायचा कसा? डबा फोडला तर तो पुन्हा जुळणार नाही, आणि जुळला तरी उकळायला यंत्र नाही.

“तुझ्या एखाद्या पातेल्यात...”

“माझ्या पातेल्याकडे बघायचंसुद्धा नाही,” बायको म्हणाली. “साहेब गेले तर आईला तुम्ही तोंड द्या. पातेलं गेलं तर मला तोंड द्यावं लागेल.”

मग डॉक्टर हतबल होऊन बसले. पारदर्शक डब्यातला स्पंज दिवसेंदिवस तपकिरी, बुळबुळीत होत गेला. ते मान फिरवून खोलीतून जात. सासूबाई पंगतीत उभ्या राहून दाताची हकिकत सांगत आहेत, असे चित्र त्यांना दवाखान्याच्या आरशातही दिसू लागले.

एका सकाळी बायको चहा घेऊन आली आणि टाकीसमोर थांबली. “अहो, पाणी कुठे गेलं?”

डॉक्टर दचकून धावले. टाकी काठोकाठ भरलेली होती. पाणी मात्र इतके नितळ होते, की ते आहे याची खात्री करायला त्यांना बोट बुडवावे लागले. साहेब त्या बोटाजवळ आले आणि खायला मागू लागले.

“तुम्ही हात लावायचं थांबवल्यापासून सुधारलंय,” बायको म्हणाली आणि कप ठेवून गेली.

डॉक्टर डब्यासमोर बसले. चहा निवला. टोमणा हळूहळू त्यांच्या डोक्यात उलगडत गेला. माशाची घाण खाऊन पाणी राखणारे जंतू त्या बुळबुळीत थरात राहत होते, आणि डॉक्टर आपल्याच कामगारांना रोज उकळून मारत होते. तीन पिढ्यांचा शत्रू घरजावई होऊन इमानाने राबत होता. डॉक्टरांनी उठून, आयुष्यात प्रथमच, जंतूंना हात जोडले. मग सवयीने ते हात धुतले.

सासूबाई परतल्या त्या थेट टाकीपाशी गेल्या. चष्मा लावून त्यांनी साहेबांना डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळले. साहेब गुबगुबीत, तकतकीत आणि पूर्वीइतकेच नाराज होते. मग सासूबाईंची नजर गुलाबी हिरड्यांच्या डब्यावर स्थिरावली.

“हे कुणी केलं?”

“मी केलं, आई.”

त्यांनी नळ्यांच्या बुंध्याशी बोट फिरवले, झाकणाच्या कडेभोवती फिरवले, बोट डोळ्यांजवळ आणून पाहिले. बोट कोरडे होते.

“आतलं धुता की काय रोज?”

“छे,” डॉक्टर ताठ मानेने म्हणाले. “जंतूंना त्रास द्यायचा नसतो.”

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

सासूबाईंनी चष्मा काढून मिटला. “थेंबभर पाणी सुटत नाही, असं बसवलंय. मग जावईबापू, माझ्या तोंडातली फट कुठवर उघडी ठेवणार आहात?” एवढे बोलून त्या दवाखान्यात गेल्या आणि कोणाचीही परवानगी न घेता खुर्चीत बसल्या.

डॉक्टर या वेळी समोर उभे राहिले नाहीत. त्यांनी बाजूला बसून साचा घेतला, रंग जुळवला, दात पुन्हा पुन्हा घासून, बसवून पाहिला, आणि काही बैठकींनंतर त्या जुन्या रिकाम्या जागी एक पांढराशुभ्र दात गुलाबी हिरडीत विराजमान झाला. सासूबाईंनी आरसा घेतला. जिभेचे टोक सवयीने डावीकडे गेले आणि प्रथमच कशाला तरी अडले. त्यांनी हात पुढे केला, तशी लेकीने त्यावर एक कडक सफरचंद ठेवले. सासूबाईंनी डाव्या बाजूने त्याचा करकरीत लचका तोडला, शांतपणे चावला, गिळला.

“फिटलं,” त्या म्हणाल्या.