हत्तींऐवजी वऱ्हाड

केलेबोन्ये त्या शाही आगगाडीची व्यवस्थापक होती, आणि दोन दिवसांत पाहुण्यांना एकही हत्ती दाखवता न आल्यामुळे तिची नोकरी धोक्यात आली होती. गाडीत काही कमी होतं असं नाही. न्हाणीघरात संगमरवर होता, काटे-चमचे चांदीचे होते, रोज उशीवर चॉकलेट ठेवलं जात होतं. खिडकीबाहेर मात्र मोपानीची झुडपं होती. मैलोन्‌मैल नुसती झुडपं!

"मी हत्तींचे पैसे भरलेत," सकाळी न्याहारीला विटकोमबाई म्हणाल्या. ह्या बाई इंग्लंडहून आल्या होत्या आणि प्राण्यांची छापील यादी घेऊन खिडकीला डोळे लावून बसत. "आत्तापर्यंत मला एक शेळी दिसली. आजच तुमच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिते."

"आज नक्की दिसतील, बाईसाहेब," केलेबोन्ये म्हणाली. आधीच्या पाहुण्यांची अशी दोन पत्रं तिथे पोचली होती, आणि तिसरं आलं की घरी बसायचं, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. हत्तींना मात्र कुणी काही बजावलं नव्हतं.

तेवढ्यात गाडी कचकन थांबली. केलेबोन्ये धावत इंजिनापाशी गेली. रुळांवर आठ गाई निवांत उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे कोट घातलेले पुरुष आणि खांद्यावर शाली घेतलेल्या बायका.

"मामा, भोंगा वाजवा ना!"

चालक मोआत्लोदींना सगळी गाडी मामाच म्हणत असे. "बोगादीच्या गाई आहेत त्या, पोरी. नवरीसाठी तिच्या माहेरी द्यायला चालल्यात. त्यांच्यावर भोंगा वाजवला तर माझी आई थडग्यातून उठून मला बदडेल."

"मग हाकलायला तरी सांगा!"

"सांगतो की. आधी नमस्कार-चमत्कार होऊ देत."

इथेच घात झाला. आमच्याकडे समोरच्याची विचारपूस केल्याशिवाय 'तुमच्या घराला आग लागलीय' हेही कुणी सांगत नाही. रात्री झोप लागली का, पाऊस झाला का, गुरं कशी आहेत, पोरांची काय खबर, सगळं रीतसर झालं. त्यात भर म्हणजे वऱ्हाडाच्या पुढे उभे होते ते मामांचे सख्खे दाजी, आणि नवरदेव मामांचा भाचा!

"रजा मिळत नाही म्हणालास," दाजी म्हणाले, "आणि देवाने तुला दारात आणून उतरवलं बघ. नवरदेवाचा मामाच बरोबर नाही म्हटल्यावर मुलीकडच्यांनी फाटकसुद्धा उघडलं नसतं. चल."

"दाजी, माझ्यामागे गाडी आहे."

"ती कुठे पळतेय? चालवतोस तर तूच."

मामांनी गार्डाकडून टाय मागून घेतला, गळ्यात अडकवला, "अर्ध्या तासात आलोच" म्हणाले आणि गाईंच्या पुढे चालू लागले. सहायक चालकाला एकट्याने गाडी हलवायची परवानगी नव्हती. केलेबोन्येला रडू फुटायचंच बाकी होतं.

"आपला चालक कुठे निघाला?" विटकोमबाईंनी खिडकीतून विचारलं.

"कार्यक्रमातलंच आहे, बाईसाहेब."

"छापलेल्या कागदावर नाहीये."

"पाहुण्यांना चकित करायचं असतं ना!"

झालं! बत्तीस पाहुणे शॅम्पेनचे पेले सावरत खाली उतरले आणि वऱ्हाडामागून चालू लागले.

नवरीच्या फाटकावर तिचे थोरले काका पाय रोवून उभे होते. आठ गाई त्यांनी पाहिल्या आणि मग ती टोप्या-कॅमेऱ्यांची रांग पाहिली.

"हे कोण?"

"आम्ही ह्यांच्याबरोबर आलोत," विटकोमबाई हसून म्हणाल्या.

काकांचा चेहरा बदलला. "एवढे मोठे सोयरे असताना आठ गाई? बारा तरी हव्यात."

"ठरलं होतं आठचं!" दाजी उसळले. "मुलगी काय सोन्याची आहे?"

"आणि मुलगा काय हिऱ्याचा? अजून त्याला गाईचं दूध काढता येत नाही!"

बायका मध्ये पडल्या, मामांनी टाय सैल केला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. गाडीची सरहद्द ओलांडायची वेळ चुकत चालली होती. शेवटी केलेबोन्येचा संयम सुटला.

"काका, ही माणसं कुणाची सोयरी नाहीत हो! तिकीट काढून आलीत!"

"तिकीट काढून? कशाला?"

"बघायला."

"काय बघायला? गाई?" काकांनी विटकोमबाईंकडे पाहिलं. त्या एका तांबड्या गाईचा आठवा फोटो काढत होत्या. काका आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "अरे अरे, बिचारे! ह्यांच्या देशात गाई नाहीत वाटतं! या, या, आत या." फाटक उघडलं, बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या, आणि भांडण तिथेच मिटलं. विटकोमबाईंचे डोळे भरून आले.

गाडीत परतल्यावर आचारी सेत्लाबी कानाशी लागला. "ताई, हत्ती येऊन गेले. अकरा होते. एकाने जेवणाच्या डब्याला पाठ घासली."

"कुणी पाहिलं?"

"मी एकट्याने."

"मग ते आलेच नाहीत," केलेबोन्ये म्हणाली. "समजलास?"

दहा दिवसांनी मुख्य कार्यालयाचं पाकीट आलं. तिने देवाचं नाव घेऊन फोडलं. विटकोमबाईंनी चार पानं कौतुक केलं होतं: हत्ती काय, कुठेही दिसतात, पण सोयऱ्यांत बसवून घेणं दुसरीकडे मिळत नाही. खाली साहेबांचा हुकूम होता. नोकरी कायम, पगारवाढ मंजूर, आणि पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवारी त्याच ठिकाणी बोगादीचा सोहळा व्हावा. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली आहे.

तिने कागद मामांपुढे आपटला. "दर गुरुवारी नवरी कुठून आणू मी?"

मामांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं. "पहिल्या गुरुवारपुरतं जमेल. तुझं कुठे ठरलंय का गं?"

"मामा!"

"ओरडू नकोस. दाजींचा पुतण्या चांगला आहे. गाई आहेत, स्वभाव गरीब आहे."

केलेबोन्ये संतापून उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. मागे वळून म्हणाली, "पण मामा, मीच आत नवरी होऊन बसले, तर पाहुण्यांना गाडीतून उतरवणार कोण?"