शंभर विटांचा हात

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं, हा प्रश्न जावईबापूंनी एकट्याने, कुणालाही न विचारता सोडवला. तिथेच सगळं बिनसलं. सासरेबुवा न्हावी. खाली सलून, वर लेक-जावयासह घर आणि घरात टीव्हीला जोडलेला चाळीस वर्षांचा म्हातारा संगणक, ज्याचा सगळा संसार कीबोर्डच्या पोटातच होता. जावईबापूंचा धंदाच असली जुनी यंत्रं दुरुस्त करण्याचा. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सासू-सासरे लग्नाला गेले तशी त्यांनी कीबोर्डची ती पेटी उघडली, आत नवं कार्ड बसवलं, मेमरी दहापट आणि वेग चौपट केला आणि पेटी होती तशी बंद करून मिशीला पीळ दिला. मिशी झुपकेदार होती. तिला पीळ द्यावा असे प्रसंग मात्र आयुष्यात कमीच आले होते.

एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. वस्तरा हातात घेण्याआधी सासरेबुवा रोज सकाळी त्या संगणकावर एक डाव खेळत. खाली फळी, वर विटांची भिंत, मध्ये टणाटणा उडणारा चेंडू. शंभर विटा फुटल्या की हात शाबूत, मगच शटर वर. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी खेळ नको म्हणून हा खेळ.

वाढदिवसाच्या सकाळी ‘वा!’ ऐकायला जावईबापू दाराआड उभे राहिले. चेंडू सुटला तो कुणाला दिसलाच नाही. दुसराही गेला, तिसराही गेला. डाव संपला तेव्हा सासरेबुवांचा चष्मा अजून नाकावर नीट बसायचा होता.

“किती झाल्या हो?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“दोन.”

“दोनशे?”

“दोन!”

सासरेबुवा पांढरेफटक पडले. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिले. “यंत्र तेच, खेळ तोच. म्हणजे बिघडलोय तो मी. आजपासून दुकान बंद.”

असल्या जुन्या खेळात यंत्र जितकं जोरात धावेल तितका चेंडू पळतो, हे जावईबापूंच्या आता लक्षात आलं. “बाबा, अहो ते...” एवढं तोंडून निघतंय तोच सासूबाईंनी दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

“काहीतरी केलंत ना तुम्ही?”

“आई, वेग वाढवला फक्त. चेंडू चौपट पळतोय. त्यांचा हात ठणठणीत आहे!”

“एक अक्षर बोलायचं नाही! बारा वर्षं घसा कोरडा करतेय, दुकान बंद करा, मला समुद्र दाखवा. आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालंय.”

“पण आई, हे खोटं...”

“मागणी घालायला आलात तेव्हा सिगारेट ओढत नाही म्हणाला होतात. सांगू का लेकीला, अजून गच्चीत काय चालतं ते? माझी मेमरी कुणी वाढवायला नको!”

जावईबापू मिशी चाचपत मुकाट बाहेर आले.

पुढचे आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. सासरेबुवा कठडा धरून जिना उतरू लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. स्कूटरची किल्ली त्यांनी शेजाऱ्यांच्या हवाली केली. खाली बंद शटरसमोर पोस्टमन वाढलेली दाढी खाजवत उभा राही आणि तसाच परत जाई. सासूबाईंची बॅग मात्र भरून तयार होती. आणि सासरेबुवा दिवसभर दात-ओठ खात त्या यंत्रासमोर बसून असत. पाच विटा. नऊ. चौदा.

आठव्या दिवशी त्यांनी जावयाला जवळ बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा त्यांच्या हातात ठेवला.

“तुम्ही ठेवा. कुणाचा गळा कापण्याआधी थांबलो, एवढंच समाधान.” म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

जावईबापूंना गलबलून आलं. आता खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. मग सासूबाई दिसल्या, आणि जावईबापूंनी वेगळं ठरवलं. दुपारी सासरेबुवांचा डोळा लागताच कार्ड गुपचूप उपटून खिशात घातलं. कुणाला काही बोलायला नको, कुणाचं काही ऐकायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू सुटला.

“हे काय? झोपलाय का चेंडू?” सासरेबुवा म्हणाले. शंभर विटा झाल्या. दोनशे झाल्या. अडीचशेला त्यांनी उजव्या हाताने चहा घेतला आणि डाव्याने खेळत राहिले. चारशे बारा विटांवर ते कंटाळून उठले.

“अहो, गाडी उद्याची आहे,” सासूबाई चाचरत म्हणाल्या.

“कसली गाडी? आता दुकान संध्याकाळीही उघडणार! दुसरी खुर्ची मागवतो. चौपट झालाय हात, चौपट!”

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं. त्या नजरेत सिगारेट पेटलेली स्पष्ट दिसत होती.

“जावईबापू, आणा तो वस्तरा. या खाली. सुरुवात तुमच्यापासून!”

पाठीत धपाटा घालून त्यांना खुर्चीत बसवलं गेलं. गळ्याभोवती कापड आलं, तोंडभर फेस आला. वस्तरा परजला गेला तेव्हा जावईबापूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. चौपट वेगाच्या हाताखाली आपली एकपट मान आहे, या विचाराने त्यांची शुद्ध हरपायची बाकी राहिली.

“बाबा, मला एक सांगायचंय...”

“हलू नका हो.”

“नाही, ते यंत्र...”

सप् सप् सप्. डोळे मिटून उघडेपर्यंत सासरेबुवांनी फेस पुसून समोर आरसा धरलासुद्धा. एक ओरखडा नव्हता. गाल आणि हनुवटी आरशाइतकी गुळगुळीत होती. नाकाखालची जागाही.

“बाबा! माझी मिशी!”

“ठेवायची होती?” सासरेबुवा वस्तरा पुसत म्हणाले. “मग वेळेत बोलायचं ना!”