ठकू झोरे हिच्याबद्दलचा संशय

सडावाडीच्या शाळेत गुरुजी म्हणून नेमलेल्या बटणांच्या फोनला, चौथीतली ठकू झोरे ही मुलगी नसून फोन आहे, असा संशय आला.

त्यानं तिचा दाखला अडवला. ठकूला पाचवीसाठी खालच्या निवासी शाळेत जायचं होतं, आणि दाखल्याशिवाय तिथं घेत नाहीत.

चौकशीला केंद्रप्रमुख खरमाटे आले. फोनला स्टुलावर ठेवलं. आम्ही वाडीतले सगळे खाली बसलो.

"माणसाचं मूल उत्तराआधी 'अं' म्हणतं," फोन म्हणाला. "ही म्हणत नाही. विचारलं की लगेच उत्तर. असं फक्त आम्ही करतो."

खरमाट्यांनी लिहून घेतलं. मग आम्हालाही एकेक आठवायला लागलं. पोरगी टेकाडावर गेली की जास्त बोलते. पावसात भिजली की दोन दिवस गप्प असते. खरं सांगायचं तर आमची पोरं नापास आणि ही एकटी पास, हे आमच्या पोटात आधीपासूनच दुखत होतं.

"माझ्या पोटची हाय ती," तिची आई बायजा म्हणाली.

"जन्माची नोंद?"

"घरीच झाली. नोंद कोन करनार?"

"फोनचीही नसते," खरमाटे म्हणाले आणि तेही लिहिलं.

शेवटी परीक्षा ठरली. एक उत्तर चुकलं, तर ती माणूस.

"सात नवे?" फोननं विचारलं.

"चूक सांग, बाय," बायजा पुटपुटली. "काय बी सांग."

ठकूनं आईकडं बघितलं.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. "मला येतंय, तर चुकू कशाला?"

निकाल लागला. फोनला पाचवीत प्रवेश मिळत नाही, नेमणूक मिळते. ठकूला पलीकडच्या घेरावाडीवर दिली, तिथं गुरुजी नव्हते. आम्हाला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सुटल्यासारखंही वाटलं.

बायजा भाकर बांधायला लागली. "त्याची गरज नसते," खरमाटे म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. दोन भाकरी बांधल्या, वर कांदा ठेवला.

घेरावाडीच्या पोरांनी म्हणे ठकूला पुढं बसवलं आणि तिच्याभोवती फिरून सगळीकडून बघितलं.

"हिला चालू कुठनं करायचं?" एकीनं विचारलं.

"मी चालूच हाय," ठकू म्हणाली. "पाट्या काढा."